आलालिनहॉर्न : माझं आल्प्समधलं पहिलं चारहजारी शिखर

सास-फे हे स्वित्झर्लंडमधलं गाव १८०० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे बसमधून उतरून सॅक खाली ठेवली तेव्हाच मी महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेच्या वर उभी होते, आणि तोवर एक पाऊलही चढले नव्हते. सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरने हा आकडा आधी पचवावा आणि मगच आल्प्सच्या शिखरांकडे बघावं.

इथे ४००० मीटरचं आकर्षण भयंकर आहे. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने १९९४ मध्ये आल्प्समधल्या ४००० मीटरवरच्या ८२ शिखरांची अधिकृत यादी केली. नुसती उंची असून भागत नाही. शेजारच्या खिंडीपासून शिखर किमान ३० मीटर वर उठलेलं हवं, नाहीतर तो मोठ्या शिखराचा खांदा समजायचा. शिवाय गिर्यारोहणाच्या दृष्टीने महत्त्व असेल तर थोडी सवलत. ऑस्ट्रियाच्या कार्ल ब्लोडिग यांनी तेव्हा ओळखली जाणारी सगळी चारहजारी शिखरं १९११ पर्यंत संपवली होती. २०२४ मध्ये स्पेनच्या किलियन जोर्नेट या डोंगरधावपटूने ८२ च्या ८२ शिखरं १९ दिवसांत केली, तीही एका शिखराकडून दुसऱ्याकडे पायी किंवा सायकलने जात. मला यादी पुरी करण्यात रस नाही. एक तरी नीट करायचं होतं, एवढंच.

झुरिकला नोकरीसाठी आले तेव्हा माझ्या गाठीशी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आणि अलंग-मदन-कुलंग हे किल्ले होते. हार्नेस, कॅराबिनर, रॅपलिंग अशा दोरकामाची भीती नव्हती. बर्फाचं मात्र शून्य ज्ञान. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, सरळ स्विस अल्पाइन क्लबची सभासद हो. हा क्लब १८६३ चा. गावोगावी त्याच्या शाखा आहेत, त्यांना सेक्शन म्हणतात. प्रत्येक सेक्शनच्या वर्षभराच्या मोहिमा ठरलेल्या असतात आणि त्या स्वयंसेवक नेतात. (बायकांना या क्लबची दारं १९८० मध्ये उघडली. त्याआधी त्यांनी आपला वेगळा क्लब काढला होता. सभासदत्वाचा फॉर्म भरताना हे वाचलं आणि रकाने जरा ठसक्यातच भरले.) हिमनदीवरच्या मोहिमेत नाव द्यायचं तर बर्फावरचा प्राथमिक कोर्स झालेला हवा, असं आमच्या सेक्शनने स्पष्ट कळवलं.

कोर्स सुस्टेन खिंडीजवळच्या स्टाइन हिमनदीवर होता. पहिला धडा चालण्याचा. सह्याद्रीत कातळावर आपण बुटाची कड रोवतो. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे पोलादी दात, चढवले की नेमकं उलट करायचं: तळवा सपाट टेकवायचा, खालचे सगळे दात बर्फात रुतले पाहिजेत, घोटा उताराकडे वळवायचा. दोन पायांत अंतर ठेवायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. वर्षानुवर्षांची सवय मोडायला वेळ लागतो, आणि ती मोडतानाच पोटऱ्या सगळ्यात जास्त दुखतात.

दुसरा धडा हिमनदीतल्या भेगेत पडलेल्या माणसाला काढायचा. तिघांच्या दोरीत दोघांमध्ये साधारण दहा-बारा मीटर अंतर असतं आणि दोर सतत ताणलेला हवा. पुढचा भेगेवरच्या बर्फाच्या पुलातून खाली गेला की मागच्यांनी ताबडतोब खाली बसून टाचा रोवायच्या. मग एकाने वजन धरून ठेवायचं, दुसऱ्याने आइस ॲक्स बर्फात आडवी पुरून तिच्यावर अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार, बांधायचा, प्रुसिक गाठीने (ओढ बसली की दोरावर आवळणारी गाठ) वजन हळूहळू अँकरवर द्यायचं आणि कप्पी सोडून माणूस ओढायचा. कागदावर चार ओळी. पावसात, जाड हातमोज्यांनी, खाली खरोखर कोणीतरी लटकत असताना अख्खी दुपार गेली.

रात्री आईला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "सगळे एकाच दोरीला? म्हणजे एक पडला की सगळे?"

प्रश्न बिनतोड होता. १४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना नेमकं तेच झालं. हॅडो घसरला, तो गाइड क्रोझवर आदळला, त्यांच्यामागे हडसन आणि डग्लस ओढले गेले. दोर डग्लस आणि थोरले ताउगवाल्डर यांच्यामध्ये तुटला म्हणून मोहिमेचा म्होरक्या व्हिम्पर आणि दोघे ताउगवाल्डर गाइड, बाप-लेक, वाचले. सातातले चार गेले. भेगांच्या सपाट हिमनदीवर दोर वाचवतो. अरुंद धारेवर तोच दोर, कोणाच्या हातात आहे यावर, वाचवतो किंवा नेतो. म्हणून धारेवर गाइड दोर अगदी आखूड करून हातात धरतो आणि तोल जायच्या आतच खेचतो. आईला यातलं अर्धंच सांगितलं.

शिखर निवडताना सेक्शनमधल्या जुन्या मंडळींनी आलालिनहॉर्न सुचवलं, ४०२७ मीटर. याची नेहमीची वाट आल्प्समधल्या सगळ्यात सोप्या चारहजारी वाटांपैकी मानतात, कारण डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे तुम्हाला जवळजवळ ३५०० मीटरपर्यंत नेऊन सोडते. ही मेट्रो आल्पिन १९८४ पासून चालू आहे. रेल्वेने जाण्यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही. रायगडाला रोपवेने जाणाऱ्यालाही महाराज तेच भेटतात. पण आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि कोर्समधल्या मैत्रिणीला, होहलाउब धारेने चढून रेल्वेच्या बाजूने उतरायचं होतं. ही वाट अवघडपणाच्या श्रेणीत एक पायरी वर, म्हणून सास खोऱ्यातलाच गाइड घेतला.

आदल्या दिवशी ब्रिटानिया हटवर मुक्काम, ३०३० मीटर. हा हट क्लबच्या ब्रिटिश सभासदांच्या पैशांतून १९१२ मध्ये उभा राहिला. हटची शिस्त मला फार आवडते. बूट आणि ॲक्स दाराजवळच्या खोलीत, आत हटच्याच सपाता घालायच्या. स्वतःची पातळ आतली स्लीपिंग बॅग आणायची. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच कळवायचं. आल्या आल्या हट चालवणारी बाई विचारते, उद्या कुठे? उत्तरावरून तुमची नाश्त्याची वेळ ठरते. वहीत नाव आणि वाट लिहायची, शोध घ्यायची वेळ आली तर तीच वही उघडतात. आणखी एक गोष्ट इथे नवीन आलेल्या भारतीयांना माहीत नसते: स्वित्झर्लंडभर हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४ हा नंबर सांगतात, पण या वालिस प्रांतात १४४ लावायचा.

हटजवळच्या टेकाडावरून खाली माटमार्क धरणाचं पाणी दिसतं. ३० ऑगस्ट १९६५ ला, धरणाचं काम चालू असताना, आलालिन हिमनदीचं टोक तुटून कामगारांच्या वसाहतीवर कोसळलं. ८८ माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त इटालियन मजूर. वसाहत हिमनदीच्या थेट खाली वसवली होती. खटला चालला, १९७२ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. आमच्या गाइडने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि मग दुसऱ्या दिवसाच्या हवामानाकडे वळला. त्याला एकच चिंता होती, रात्री बर्फ गोठेल का? प्रश्न उगाच नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची रेषा (ज्या उंचीवर तापमान शून्यावर येतं ती) ५२९८ मीटरवर गेली होती, म्हणजे आल्प्समधल्या सगळ्यात उंच मॉन्ट ब्लाँच्या माथ्याच्याही जवळजवळ पाचशे मीटर वर. अशा रात्री बर्फाचे पूल मऊच राहतात आणि शिखर कितीही सोपं म्हणून नोंदलेलं असो, जाण्यात अर्थ नसतो.

आमची रात्र गोठली. अंधारात निघालो, हिमनदी ओलांडली, उजाडता उजाडता धारेला लागलो. पायाखाली बर्फ करकरत होता आणि क्रॅम्पॉनचे दात छान बसत होते. ४००० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात येतो. गाइडची चाल इतकी संथ होती की सुरुवातीला मला ती आपल्यासाठीची दया वाटली. वरच्या टप्प्यात मात्र त्याच चालीत राहण्यासाठी मला श्वास मोजावे लागले.

माथ्याच्या अगदी खाली कातळाचा टप्पा आहे. त्यात लोखंडी गज ठोकलेले आहेत, गाइड वर जाऊन दोर त्यांना गुंडाळतो आणि तुम्हाला वर घेतो. कातळ दिसल्यावर मी मनात हसले, हे तर आपलं. पण क्रॅम्पॉन काढायचे नव्हते! बोटभर खाचेवर पोलादाचे दोन दात टेकवायचे, ते खर्रकन घासतात आणि तरी टिकतात. बुटाच्या रबराने दगड कसा पकडलाय हे तळव्याला कळण्याची सवय असलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. पाय हलवला की दात सुटतात, म्हणून टेकवलेला पाय ढळू द्यायचा नाही. अलंगच्या कातळावरचं शिकलेलं तिथे एकाच बाबतीत कामाला आलं, वजन हातांवर नको, पायांवर.

वर क्रूस आहे, जागा थोडी आणि गर्दी भरपूर, कारण नेहमीच्या वाटेने रेल्वेवाली मंडळीही तोवर पोहोचली होती. वायव्येला आल्फुबेल, टेशहॉर्न आणि ४५४५ मीटरचा डोम, जो संपूर्णपणे स्वित्झर्लंडमध्ये असलेला सगळ्यात उंच डोंगर. टेशहॉर्न आणि डोम यांना जोडणाऱ्या त्या धारेवरच फ्रेंच गिर्यारोहक पॅट्रिक बेऱ्हो २००४ मध्ये सगळी चारहजारी शिखरं सलग करताना पडून गेले. ईशान्येला, खोऱ्यापलीकडे, वाइसमीस, लागिनहॉर्न आणि फ्लेचहॉर्न एका रांगेत.

फ्लेचहॉर्नची गोष्ट गाइडने तिथेच सांगितली. उंची ३९८५ मीटर, यादीत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खालच्या गावात कल्पना निघाली की माथ्यावर दगडांची रास रचून ते ४००० मीटर करून टाकावं, म्हणजे पर्यटक येतील. मंजुरी मिळाली नाही.

उतरताना गाइड शेवटी असतो आणि नवखा पुढे, कारण पडणाऱ्याला वरून धरता येतं. फेयोखच्या खिंडीपर्यंत आणि पुढे भेगांमधून वाट मीच काढत होते. भेगा दरवर्षी सरकतात, म्हणून वाटही सरकते. एका ठिकाणी ठसे दोन दिशांना फुटले होते. मी थांबले, मागून तो काहीच बोलला नाही. खालचा पूल जास्त रुंद दिसला म्हणून तिकडे वळले, तेव्हा "गूट", म्हणजे छान, एवढंच ऐकू आलं. रेल्वेच्या स्टेशनाजवळ ऐन उन्हाळ्यात स्की-शर्यतीचे खेळाडू सराव करत होते, आणि त्यांच्या पट्ट्याच्या कडेला बसून आम्ही क्रॅम्पॉन सोडले.

सेक्शनच्या पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत वाइसमीस आणि फ्लेचहॉर्न, दोन्ही आहेत. वाइसमीसच्या जागा चटकन भरल्या. फ्लेचहॉर्न त्याहून अवघड आहे आणि चारहजारी नाही, त्यामुळे तिकडे अजून जागा आहेत. मी फ्लेचहॉर्नला नाव दिलंय. ॲक्स भाड्याची होती, ती परत केली. आता स्वतःची घेणार आहे.