उभी असताना गळते की चालून आल्यावर?

टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९६९ पासून पुढच्या कितीतरी शेव्हरोले कॅमॅरो, नोव्हा, इम्पाला यांच्या पोटाखाली हाच असतो. जमिनीवर त्याच्या तेलाचा लाल डाग दिसला की आळ येतो पॅनच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या ताटलीच्या, गास्केटवर (जोडात बसणाऱ्या पट्टीवर). नवं गास्केट बसतं आणि आठवड्याभरात डाग पुन्हा तिथेच. पॅन सगळ्यात खाली, त्यामुळे वर कुठूनही गळलं तरी थेंब त्याच्याच कडेवरून पडतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच बघा: गाडी उभी असताना गळते की चालून आल्यावर?

महिनाभर उभ्या गाडीखालीच डबकं होत असेल, तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तेलभरल्या डब्यातलं) तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतंय. इंजिन बंद असताना डिपस्टिकवर पातळी फुलच्या कितीतरी वर दिसते. ते तेल काढून टाकू नका, कमी पडेल. पातळी इतकी चढते की डाव्या बाजूचा गिअर सिलेक्टरचा दांडा तेलात बुडतो, आणि त्याचं जुनं कडक झालेलं सील (तेल अडवणारं रबरी कडं) पाझरतं. गाडी रोज चालवली तर हीच गळती गायब होते, म्हणून लोक चक्रावतात.

हे सील गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. लिंकेज (गिअर लिव्हरकडून येणारा जोड) काढा, सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू फिरवा आणि पकडीने ओढा. दांड्यावर ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. दांड्याच्या आट्यांवर टेप गुंडाळा, सीलच्या ओठाला तेल लावा आणि योग्य मापाच्या लांब सॉकेटने हलक्या ठोक्यांनी सरळ बसवा.

गळती चालताना होत असेल तर आधी साफसफाई. रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने गिअरबॉक्सची सगळी केस (बाहेरचं कवच) धुवा, सुकवा, वर टॅल्कम पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

आता पॅन. याला ड्रेन बोल्ट नसतो. पुढचे आणि बाजूचे बोल्ट काढायचे, मागचे फक्त सैल करायचे आणि पॅन पुढून कलता करून तेल परातीत घ्यायचं. एकूण १३ बोल्ट, अर्धा इंची डोक्याचे. पॅन उतरल्यावर कडेवर स्टीलची पट्टी धरून उजेडात बघा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर फुगलेला दिसेल. आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट पिळले, त्याचा हा परिणाम: भोकापाशी गास्केट चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. हे फुगवटे सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने बसवल्याशिवाय कितीही महाग गास्केट आणा, फुकट. कॉर्कच्या गास्केटला सिलिकॉन फासू नका, ते घसरून बाहेर येतं. बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे, १६ न्यूटन-मीटरपर्यंत. केस अ‍ॅल्युमिनियमची आहे, जोर लावलात तर आटे जातील. पॅन उघडलाच आहे तर फिल्टरही बदला.

तेल कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? मग उजव्या बाजूला मागे असलेला व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारी, गिअर कधी बदलायचा ते ठरवणारी डबी) बघा. त्याची रबरी नळी काढा. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय आणि इंजिन ते तेल पिऊन टाकतंय. एका बोल्टचं आणि एका क्लॅम्पचं काम. आतला छोटा व्हॉल्व्ह बाहेर घसरू देऊ नका, आणि ओ-रिंग (रबरी कडी) नवी घाला.

डिपस्टिकच्या नळीची, किकडाऊन केबलची (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी) आणि स्पीडोमीटर गिअरची ओ-रिंग स्वस्त आणि सोप्या. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं सील बदलताना ड्राइव्हशाफ्टचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) हलवून बघा. खेळ असेल तर बुशही (आतली धातूची बाही) बदला, नाहीतर सील फार टिकणार नाही. कूलरच्या पाइपांना दोन पाने लावा, एकाने पिळलात तर पाइपच मुरगळतो.

पुढचं, कन्व्हर्टरपाशी असलेलं पंपाचं सील मात्र गिअरबॉक्स उतरवायला लावतं, म्हणून खात्री करूनच हात घाला. इंजिनच्या मागच्या सीलचं तेलही तिथेच ओघळतं. पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन रंग आणि वास बघा. कन्व्हर्टरच्या नळकांड्यावर चर पडली असेल किंवा पंपाचं बुश झिजलं असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही. परत बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, तीन वेळा खटका बसला पाहिजे. पूर्ण आत बसल्यावर फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागच्या चकतीपासून) ३ ते ५ मिलिमीटर मोकळा राहतो. फट नसताना बोल्टने ओढलात तर पंप फुटतो.

गळती बंद करणारी औषधं रबर फुगवतात आणि काही दिवस वेळ मारून नेतात. मला ती पटत नाहीत.

पॅन परत बसवल्यावर आधी साधारण अडीच लिटर डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरा. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, मग पार्कमध्ये, गरम असताना, इंजिन चालू ठेवूनच पातळी बघा. अ‍ॅड आणि फुलच्या खुणांमध्ये जेमतेम अर्धा लिटर असतं. जास्त भरलंत तर तेलाला फेस येतो, वरच्या व्हेंटमधून (हवेच्या छिद्रातून) बाहेर पडतो आणि पुढचं सील गळल्यासारखंच दिसतं.