तिसरा डाऊन, नऊ यार्ड

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याआधी, प्रत्येक संघाला कॉलेजचे तीसपर्यंत खेळाडू आपल्या मुख्यालयात बोलावता येतात. बाहेरगावाहून आलेल्या मुलाला त्या भेटीत चेंडू फेकायला लावता येत नाही. डॉक्टरी तपासणी, गप्पा, जेवण आणि फळा, एवढंच. एप्रिलमध्ये आमच्याकडे असाच एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू, आला होता. त्याचं नाव, त्याचं कॉलेज आणि माझा संघ या तिन्ही गोष्टी इथे येणार नाहीत, कारण नोकरी प्रिय आहे.

मी त्या संघाच्या स्काउटिंग, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या, विभागात व्हिडिओ आणि आकडेवारी बघतो. सांगलीत टेनिस बॉलवर वाढलेला माणूस इथे कसा पोचला, ही गोष्ट लांबलचक आणि कंटाळवाणी आहे: संख्याशास्त्रात एमएस, मग जी नोकरी मिळाली ती. घरच्यांना काम समजावताना मी सांगतो, की रणजीत ढिगाने धावा काढणारा फलंदाज पर्थच्या उसळीपुढे टिकेल का, हे तो पर्थला जाण्याआधीच सांगायचं. बाबा म्हणतात, "ते कुणाला सांगता आलंय?" त्यांचं बरोबर आहे. एनएफएलचा सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००० साली १९९वा निवडला गेला होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले, आणि ते उचलणारे काही अडाणी नव्हते.

अवघड काय आहे, ते थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे मैदान तेच, १६० फूट रुंद. पण खेळ ज्या दोन खुणांच्या पट्ट्यात सुरू होतो, त्या कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या खुणेवर असेल, तर उजवीकडे तब्बल १०० फूट मोकळं रान. तिथे तीन चपळ मुलं पळवली की बचाव ताणला जातो आणि क्वार्टरबॅकला अर्धंच मैदान वाचावं लागतं. दुसरा फरक नियमाचा. पळायचं की फेकायचं हे ऐन वेळी ठरवण्याची जी चाल आहे, तिच्यात कॉलेजच्या लाइनमनना, म्हणजे पुढच्या रांगेत अडवणाऱ्यांना, तीन यार्ड पुढे जायची मुभा असते, एनएफएलमध्ये एकच. कॉलेजात लोण्यासारखी चालणारी ही युक्ती इथे निम्मी बोथट होते. झेल घेताना कॉलेजात एक पाय आत असला तरी चालतो, इथे दोन लागतात.

या सगळ्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे विचार कोण करतो. या मुलाच्या कॉलेजात संघ रांगेत उभा राहायचा, मग अकराच्या अकरा जण मान वळवून बाहेर बघायचे. कोच बचावाची मांडणी बघून खाणाखुणांनी चाल बदलायचा, आणि मगच चेंडू क्वार्टरबॅककडे सुटायचा. एनएफएलमध्ये १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, पण चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद. पुढचं सगळं त्याचं त्याने निस्तरायचं. म्हणजे आमच्यासमोर व्हिडिओत जो हुशार निर्णय दिसतोय, तो मुलाचा की रेघेबाहेर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाचा, हेच आधी कळत नाही.

त्या दिवशी सकाळी क्वार्टरबॅक कोचने त्याला फळ्यापाशी नेलं आणि आमच्या चार चाली शिकवल्या. आमच्या म्हणजे लांबलचक नावांच्या. कोच आणि टीव्ही समालोचक जॉन ग्रूडनमुळे 'स्पायडर टू वाय बनाना' हे नाव टीव्ही बघणाऱ्यांनाही माहीत झालं, पण ते आखूड झालं. नेहमीची चाल एका दमात न संपणारी असते. तिच्यात रचना, कुणी कुठे सरकायचं, संरक्षण कसं, कोण कुठे पळणार, आणि बचाव वेगळा दिसला तर कोणती दुसरी चाल, हे सगळं ठासलेलं असतं. मुलाने वही मागितली. कोचने दिली नाही. मग इमारत दाखवणं, डॉक्टर, जेवण, मालकांशी हस्तांदोलन यात तीनेक तास घालवले आणि परत फळ्यावर आणून म्हणाला, "सकाळची दुसरी चाल सांग. मी डावीकडून ब्लिट्झ पाठवलाय." (ब्लिट्झ म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा बचावपटू धावून जाणं.)

मुलाने सांगितली. एका ठिकाणी अडखळला, स्वतःच पुसलं, पुन्हा लिहिलं. अक्षर भयंकर. पण बरोबर होतं.

यात फार काही सिद्ध होत नाही, असं माझं मत आहे. पाठांतर चांगलं असलेली मुलं मी बरीच बघितली आहेत. रिसेप्शनवरच्या बाईंशी तो कसा बोलला, यावर काही मंडळी शेरा लिहितात, त्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. तळहाताच्या मापाचंही तेच. २०२० साली जो बरो या क्वार्टरबॅकचा पंजा नऊ इंच भरला तेव्हा केवढी चर्चा! त्याने आपल्या चिमुकल्या हातांमुळे आता निवृत्त व्हावं म्हणतो, असं ट्विटरवर गमतीत लिहिलं, आणि दुसऱ्याच मोसमात संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं.

खरी गोष्ट दुपारी घडली, व्हिडिओ बघताना.

खोलीत पाच जण होतो. कोच, आमचे स्काउटिंगचे प्रमुख, दक्षिणेकडच्या कॉलेजांवर नजर ठेवणारा जुना स्काउट, मुलगा, आणि रिमोट हातात घेऊन मी. हा स्काउट आयुष्यभर भाड्याच्या गाडीतून कॉलेजं पालथी घालत आलाय. मला नावाने कधी हाक मारत नाही, 'प्रोफेसर' म्हणतो. त्यानेच या मुलाला हेरलं होतं आणि त्याच्या सर्वोत्तम फेकींची यादीही त्यानेच केली होती. यादीत पहिल्या नंबरवर सप्टेंबरमधली एक फेक. तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), नऊ यार्ड हवेत, चेंडू डाव्या खुणेवर. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून, पळणाऱ्या गड्याच्या हातात अलगद. टचडाऊन, थेट सहा गुण. माझ्या मॉडेलनेही तिला भरघोस गुण दिले होते, कारण एवढ्या गर्दीतली फेक सहसा पूर्ण होत नाही.

मी ती लावली. आम्ही वापरतो तो व्हिडिओ टीव्हीवरचा नसतो. स्टेडियमच्या उंचीवरून घेतलेला, बावीसच्या बावीस खेळाडू सतत दिसणारा. कोचने नेहमीचा प्रश्न विचारला, "काय दिसलं तुला?"

मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, ही फेक चुकीची आहे."

स्काउटने कॉफीचा कप खाली ठेवला.

"चेंडू सुटायच्या सेकंदभर आधी थांबवा," मुलगा मला म्हणाला. मी थांबवलं. सर्वांत मागे राखण करणारे दोन सेफ्टी दोन बाजूंना उभे होते, मधे वाट मोकळी. "मी हे बघितलं आणि मधली वाट फेकायची असं ठरवूनच टाकलं. आता एकेक फ्रेम पुढे." मी एकेक फ्रेम पुढे नेली. चेंडू त्याच्या हातात येताच डावा सेफ्टी खाली धावला आणि उजवा सरकत बरोबर मधे आला. मोकळी वाट बंद झाली होती. "इथे मी मधलं सोडून उजवीकडच्या आतल्या वळणावर यायला हवं होतं. तो बघा, एकटा उभाय. पण मी सेफ्टीकडे बघितलंच नाही. माझं हेल्मेट बघा."

हेल्मेट खरंच हललं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ही फेक कितीतरी वेळा बघितली होती, पण चेंडूकडे बघत. तो मधला सेफ्टी नेमका त्या क्षणी उलट्या बाजूला कंबर वळवून बसला होता, म्हणून वाचलं. एनएफएलमधला सेफ्टी ती कंबर वळवत नाही, आणि वळवली तर त्याची नोकरी जाते.

कोच खुशीत होता, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मुलगा विमानतळाकडे निघाल्यावर तो म्हणाला, "स्वतःची सगळ्यात गाजलेली फेक फोडून दाखवली. असा मुलगा शिकवता येतो."

स्काउट म्हणाला, "त्याला हे सप्टेंबरमध्ये शनिवारी दिसलं, की सोमवारी व्हिडिओच्या खोलीत त्याच्या कोचने दाखवलं तेव्हा? सोमवारी सगळ्यांनाच दिसतं."

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. "प्रोफेसर?" त्यांनाही ती सवय लागलीय.

मी म्हटलं, रात्रीच्या बैठकीपर्यंत वेळ द्या.

सप्टेंबरनंतर त्याच्यासमोर हाच फसवा बचाव पुन्हा किती वेळा आला आणि त्याने काय केलं, हे शोधायचं होतं. आधी मी जवळच्या फेकी काढून टाकल्या. मग पळायचं-की-फेकायचं वाल्या. मग पळण्याची हूल देऊन केलेल्या, कारण हूल दिली की बचाव आपोआप फुटतो. मग कोचने मान वळवून घेऊन चाल बदललेल्या. पूर्ण मोसमातून उरलं काय, तर मूठभर. क्वार्टरबॅक पारखण्याचं दुखणं इथेच आहे. आपल्याला जे बघायचंय ते कॉलेज त्याला करायलाच लावत नाही, आणि मग न करायला लावलेलं आणि न जमणारं या दोन्हींची आकड्यांत एकच किंमत दिसते. क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचं वायोमिंग विद्यापीठात फेकी पूर्ण होण्याचं प्रमाण ५६ टक्के होतं. अचूकपणा शिकवून येत नाही, म्हणत लोकांनी त्याला नाकारलं. बफेलोच्या संघाने २०१८ साली सातवा घेतला, २०२०मध्ये तो ६९ टक्क्यांवर होता, आणि २०२४च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून दर वर्षी प्रत्येक बैठकीत कुणीतरी आपल्या आवडत्या वेड्यावाकड्या फेकणाऱ्या मुलासाठी अ‍ॅलनचं नाव घेतं. अ‍ॅलन एकच झाला, हे मात्र कुणी म्हणत नाही.

त्या मुठीत मला नोव्हेंबरमधली एक चाल सापडली. पुन्हा तिसरा डाऊन, पुन्हा नऊ यार्ड. दोन सेफ्टी मागे, चेंडू सुटताच एक खाली, एक मधे. या वेळी हेल्मेट बघत बसलो. पहिल्या पावलाला ते मधे होतं, तिसऱ्या पावलाला उजवीकडे वळलं. तिथली वाटही एका लाइनबॅकरने, मधल्या फळीतल्या बचावपटूने, अडवलेली. मग खाली, बाजूला उभ्या असलेल्या रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याकडे. चेंडू त्याला दिला. चार यार्ड मिळाले, पाच कमी पडले, पुढे पंट, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकणं. कुणाच्याही यादीत ही चाल नव्हती, आणि का असावी? माझ्या मॉडेलमध्ये तिची किंमत उणे होती. मोसमाच्या शेवटच्या सामन्यातही तोच बचाव आला होता. तिथे त्याने मधली वाट सोडली, पण दुसरीकडे नजर पोचेपर्यंत पाय मागे सरकत गेले आणि दोघांनी मिळून त्याला आडवा केला.

रात्री दोन्ही लावल्या. पिझ्झा थंड झाला होता. कोचने चार यार्डांची चाल तीनदा मागे नेली. "बघितलं ना? एक, दोन, तीन. हा आमच्याकडचा क्वार्टरबॅक आहे."

"तिसऱ्या डाऊनला नऊ हवेत आणि तू चार आणलेस," स्काउट म्हणाला. "आमच्याकडच्या क्वार्टरबॅकला याच कारणासाठी घरी पाठवतात."

"अरे, याला तूच आणलास ना?"

"मी हातासाठी आणला. हात अजूनही मला आवडतो. डोळ्यांचं तू बघ."

वाद बराच चालला. प्रमुखांनी शेवटचा सॅक, म्हणजे त्याला आडवा केलं ती चाल, पुन्हा लावायला सांगितला आणि पायांवर बोट ठेवलं. नजर सुधारली की पाय बिघडतात, हे नवशिक्याचं लक्षण आहे असं कोचचं म्हणणं. पाय बिघडले ते भीतीने, असं स्काउटचं. माझ्याकडे दाब आल्यावर तो किती वेळा सापडतो याचे आकडे होते. कॉलेजमधून वर येताना जे थोडे आकडे टिकतात, त्यांत हा एक. या मुलाचा तो ना चांगला ना वाईट होता. मी तसंच सांगितलं. कुणालाच आवडलं नाही.

शेवटी त्याला 'तिसऱ्या फेरीत घेण्याजोगा' अशी श्रेणी मिळाली. शेऱ्यात कोचचं वाक्य आणि स्काउटचं वाक्य दोन्ही एकाखाली एक गेली, कारण प्रमुखांनी एकही खोडायला नकार दिला. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी आमची पाळी यायच्या आधीच दुसऱ्या एका संघाने त्याला उचललं. सध्या तो तिथे राखीव आहे, आणि सरावसामन्यांतल्या फेकींवरून मत बनवण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही.

बैठक संपल्यावर स्काउट पार्किंगमध्ये भेटला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला अलाबामाला निघायचं होतं. म्हणाला, "प्रोफेसर, ते चार यार्डवालं. बाकीच्या पोरांचं पण काढून ठेव. त्यांच्या यादीतलं नको, जे कुणी निवडलं नाही ते."

काढून ठेवलं. पहिल्या फेरीत जाणार म्हणून सगळीकडे गाजत असलेल्या एका मुलाच्या फाइलमध्ये तसं एकही सापडलं नाही. त्याच्यावर आमची बैठक दोन दिवस चालली.