ओळ वर जाते म्हणजे नेमकं काय होतं?

माझ्या टेबलावरचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, पाहून येणारा-जाणारा हमखास विचारतो, "हा मधेच थांबून 'स्क्रोल?' असं काय विचारतो हो? आणि ओळी अशा अडखळत का सरकतात?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत 10 क्रमांकाच्या ओळीत आपलं नाव पडद्यावर छापायचं आणि पुढच्या ओळीत गोटू 10 (पुन्हा ओळ 10 वर जा) लिहायचं, हा प्रोग्राम त्या काळी ज्याने त्याने केलेला. स्पेक्ट्रमवर 22 ओळी भरल्या की गाडी थांबते. खालच्या दोन ओळी त्याने स्वतःसाठी राखलेल्या. कुठलीही साधी कळ दाबा, पुढे जातो. एन दाबलंत तर प्रोग्रामच थांबतो. मला हा अदबशीरपणा आवडतो.

अडखळण्याचं कारण निराळं. त्याच्या चित्राला 6144 बाइट लागतात, रंगांना आणखी 768. एक ओळ वर न्यायची तर यातलं जवळजवळ सगळं उचलून वरच्या घरात ठेवावं लागतं. त्याच्या झेड80 प्रोसेसरची त्यासाठीची आज्ञा एका बाइटला घड्याळाचे 21 ठोके खाते, 3.5 मेगाहर्ट्झच्या (सेकंदाला 35 लाख ठोके) हिशोबाने ओळीमागे पस्तीसेक मिलिसेकंद. तेवढ्यात पडदा म्हणून जोडलेला टीव्ही पावणेदोन चित्रं काढून मोकळा! त्यात एका अक्षराचे आठ काप मेमरीत एकमेकांपासून 256 बाइट लांब ठेवलेले. टेपवरून चित्र लोड होताना पट्ट्यापट्ट्यांनी उमटायचं, ते यामुळेच.

शाळेत मात्र मी बीबीसी मायक्रो या दुसऱ्या संगणकावर शिकलो. 1984 च्या सुमारास सरकारच्या 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून शाळांना ही यंत्रं मिळाली. आमच्याकडे एका यंत्रापुढे सहा-सात डोकी. तिथे ओळी सुळकन वर जायच्या. मोड 0 या त्याच्या बारीक अक्षरांच्या प्रकारात पडदा 20,480 बाइटांचा, तरीही! मला वाटायचं, प्रोसेसर भलताच दणकट असणार.

कितीतरी वर्षांनी कळलं, तो काही हलवतच नाही. पडद्यासाठी 6845 नावाची वेगळी चिप आहे. तिला एवढंच सांगायचं: आता 640 बाइट, म्हणजे एक ओळ, पुढून वाचायला लाग. मेमरीचं टोक आलं की वाचन पुन्हा पडद्याच्या पहिल्या घराशी वळतं. रहाटगाडगंच ते! वरून गेलेल्या ओळीचं गाडगं रिकामं करायचं आणि तळाला नवी ओळ म्हणून भरायचं.

पण पडद्याचा एखादाच भाग सरकवायचा असेल, तर ही युक्ती चालत नाही. सुरुवात बदलली की अख्खा पडदा सरकतो. मग बीबीसीलाही बाइट उचलायची हमाली करावी लागते. स्नेहसंमेलनात वर शाळेचं नाव कायम राहावं आणि खाली निकाल सरकावा, म्हणून मी हौसेने व्हीडीयू 28 ही आज्ञा वापरून खिडकी केली, म्हणजे मजकूर पडद्याच्या ठरावीक भागातच ठेवला. निकाल रखडत सरकू लागला. सरांनी यंत्राला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "तापलंय रे, पंखा इकडे वळव."