गाणारा समोर, आपण मांगं

शाळेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे, स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा मुख्याध्यापक सरांचा निरोप आला तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. बाकीचे मित्र मैदानाबद्दल, शिक्षकांबद्दल, शाळेच्या निकालांबद्दल लिहितील. मी तबल्याबद्दल लिहितो. शाळेनं हाती दिलेली ही विद्या मधली कित्येक वर्षं माझ्याकडून पडून राहिली होती. आता ती पुन्हा रोज संध्याकाळी हाताखाली येते, आणि त्याचा आनंद इतका मोठा आहे की तो शाळेला कळवल्याशिवाय राहवत नाही.

मी १९८९ च्या दहावीचा विद्यार्थी. त्या वेळी कार्यालयामागच्या अंधाऱ्या खोलीत एक पेटी, तबल्याची एक जोडी, दोन खंजिऱ्या आणि २६ जानेवारीच्या संचलनाचे ड्रम एवढाच संसार होता. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचं गुरुकुंज मोझरी सायकलीच्या टप्प्यात असल्यामुळे खंजिरी कुणाला शिकवावी लागत नसे, ती घराघरांत होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हेच एवढंसं वाद्य हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली, १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही तेच वाजवलं. पूर्वी खंजिरीला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, ते बरंच झालं. तबला मात्र खंजिरीसारखा घराघरांत नव्हता. तबला शाळेतच होता, आणि रोजच्या परिपाठाला प्रार्थनेच्या साथीला कुणीतरी बसावंच लागे. गुरुजींनी सातवीत मला बसवलं.

बसवलं म्हणजे लगेच तबला हाती दिला असं नव्हे. पहिले कितीतरी महिने आम्ही डेस्कवर वाजवलं. डाव्या हातानं मात्रा मोजायच्या, तोंडानं बोल म्हणायचे. त्रितालाच्या सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. यात एक बारीक जागा आहे, जिथं प्रत्येक नवशिका घसरतो. खाली नवव्या मात्रेवर असली तरी डग्गा, म्हणजे जोडीतलं डाव्या हाताचं वाद्य, मिटतो दहाव्यापासून, आणि उघडतो थेट चौदाव्याला. तेराव्याला टाळी पडते म्हणून हात आपोआप डग्ग्यावर जातो. तिथं दोन्ही हातांचा ‘धा’ नाही, नुसत्या उजव्याचा ‘ता’ आहे. गुरुजी डोळे मिटून बसायचे आणि कुणाचा डग्गा तेराव्याला बोलला की फक्त एक बोट वर करायचे. पुन्हा पहिल्यापासून. ‘धातिट धातिट धाधातिट धागेतिनाकिना’ हा पहिला कायदा, म्हणजे रियाजाची बोलांची बांधणी, आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होता, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट आम्ही शिकलो ती वाद्य राखण्याची. आपल्याकडे शाळा उघडायची ती उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी. उन्हाळाभर ती खोली बंद. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात कातडं आवळत जायचं, एखाद्या वर्षी ते ताणून धरणारी चामड्याची वादी तुटून पडलेली असायची, आणि शाळा उघडायच्या सुमाराला पहिला पाऊस झाला की तेच कातडं ओल पिऊन ढिलं पडायचं. मग पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी हातोडी घेऊन बसत. आधी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकून सगळा स्वर वर आणायचा, मग गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, दोन वाद्यांमधलं घर बघून एकेक हलका ठोका. वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. प्रत्येक ठोक्यानंतर चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या पट्टीवर, बोट आपटून ऐकायचं. स्वर जुळवायला पेटीची काळी दोन ही पट्टी आम्ही मुलं दाबून धरायचो. आवाज चारही बाजूंनी सारखा यायला लागला की गुरुजींचा चेहरा मोकळा व्हायचा. त्या खोलीत आमचे कान तयार झाले. वाजवणं पुढचं.

गुरुजी कधी कुणावर रागावले नाहीत, पण एकदा बोलले ते मी विसरलो नाही. तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेची तालीम चालली होती. मी नुकताच ‘तिरकिट’ हा जलद बोल बसवला होता आणि तो जागोजागी घालत होतो. गाणाऱ्या मुली धापा टाकत माझ्यामागून येत होत्या. गुरुजींनी पेटी थांबवली. म्हणाले, “काहून रे, पळून कुठं राहिला? तुले कोनं सांगतलं पळाले? गाणारा समोर, आपण मांगं.” एवढंच. मग पुन्हा पेटी सुरू झाली. स्पर्धेत आम्हाला नंबर आला की नाही हे आज आठवत नाही, ते वाक्य आठवतं.

दहावीनंतर शिक्षण, मग जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातली, नोकरी. दिवाळीपासून सीझन सुरू झाला की कापसाच्या गाड्या रात्रीही येत राहतात. ओळीनं लावलेले रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रं, दिवसभर धडधडत असतात, आणि त्यातून बाहेर आलेल्या माणसाला घरी आल्यावर फक्त शांतता हवी असते. तबला वडिलांकडच्या घरी माळ्यावर राहिला. तो सोडायचा असं ठरवून सोडला नव्हता. नोकरी, लग्न, मुलांची शिक्षणं, वडिलांचं आजारपण, यांत दिवस गेले. पण कान मात्र तसाच राहिला होता, हे मला जिनिंगमध्येच कळत होतं. एखाद्या रेच्याचा आवाज बाकीच्यांपासून फुटून यायला लागला की मी फिटरला आधीच सांगत असे. त्याला वाटायचं हा अनुभव आहे. मला ठाऊक होतं की हे शाळेतल्या खोलीतलं आहे.

परत बसलो तो महालक्ष्म्यांच्या दिवसांत. आमच्या गल्लीत एका घरी रात्री भजन होतं आणि मंडळाचे तबलजी मुलीकडे गेले होते. बुवांना कुणीतरी सांगितलं की हे शाळेत वाजवत होते. “बसा ना भाऊ, नुसता केहरवा धरा,” बुवा म्हणाले. मी बसलो.

जे आधी आलं ते तोंडात आलं. हात तबल्यावर टेकायच्या आत जीभ म्हणू लागली, धागेनाती नकधीन. बोल जसेच्या तसे होते. हात मात्र दुसऱ्या कुणाचा असावा तसा वागत होता. उजव्या हाताची अनामिका शाईच्या, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकून राहायला हवी, तिच्या आधारावर तर्जनी चाटेवर पडते आणि ‘ना’ टणकन सुटतो. माझी अनामिका हवेतच. त्यामुळे ‘ना’ वाजे, पण त्याला आस, म्हणजे मागं रेंगाळणारा नाद, नव्हती, तो लगेच बसून जाई. डग्ग्यावर मनगट पुढं सरकवून जो घुमारा काढायचा, तिथं मनगट दाबलं जाई आणि आवाज कोंदे. पण ठेका सुटला नाही. गवळण झाली, अभंग झाला, बुवांनी लय थोडी चढवली, मी त्यांच्यासोबत चढलो, त्यांनी खाली आणली तेव्हा खाली आलो. आरती होईपर्यंत पायाला मुंग्या आल्या होत्या आणि बोटांची टोकं लाल झाली होती. घरी परत जाताना मी बायकोला म्हणालो, उद्या माळ्यावरून तबला काढायचा.

शिसवाचं खोड उत्तम होतं. पुडीला, म्हणजे वर मढवलेल्या कातड्याला, मात्र भोकं पडली होती. अमरावतीला नवी पुडी टाकायला दिली आणि कारागिराच्या दुकानात मुद्दाम थांबून राहिलो, कारण शाई चढताना मी कधी पाहिली नव्हती. लोखंडाचा बारीक कीस खळीत मळून केलेला काळा लगदा तो अंगठ्यानं कातड्याच्या मधोमध पसरायचा, आणि थर अर्धवट ओला असतानाच गुळगुळीत दगडानं घोटायला लागायचा. घोटता घोटता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडत जातात. मला वाटलं काम बिघडलं. तो म्हणाला, भेगा पडल्या नाहीत तर तबला बोलणारच नाही. शाई अखंड राहिली तर कातड्याला जखडून टाकते. भेगांमुळे ती जड राहूनही लवचीक राहते, आणि त्या वजनामुळेच ढोलाच्या आवाजाला नसतो तसा नेमका स्वर तबल्याला असतो. एकेक थर पहिल्यापेक्षा लहान, मधे जाड, कडेला पातळ. इतकी वर्षं ज्याच्यावर बोटं आपटली ते कसं तयार होतं, हे पन्नाशीत कळलं आणि फार समाधान वाटलं.

परत सुरुवात करणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण अनेकजण विचारतात. जुना वेग शोधत जाऊ नये. मी पहिले काही आठवडे केवळ ‘ना’ आणि ‘धिं’ यांवर बसलो, विलंबित लयीत, मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत फिरत राहणारी धून, लावून. ‘तिरकिट’ला हात लावला नाही. खांदा वर उचलला जातो का हे बघायचं. उचलला की थांबायचं, कारण या वयात खांद्यात भरलेलं दुखणं महिनाभर निघत नाही. मांडी घालून बसणं जमत नसेल तर खाली उशी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. नखं कापलेली हवीत. पावसाळ्यात हात दमट होतात, तेव्हा थोडी पावडर. आणि वाजवण्याआधी तोंडानं म्हणायचं, टाळी-खालीसकट. जे तोंडात स्वच्छ नाही ते हातात स्वच्छ येत नाही, हे गुरुजींच्या वेळेपासून पाहत आलो आहे. अनामिका आपल्या जागी बसायला हिवाळा लागला. एके दिवशी ‘ना’ला आस आली, आणि मी तेच एक अक्षर किती तरी वेळ वाजवत राहिलो.

वेग शाळेतल्याइतका नाही आणि येणारही नाही. पण एक गोष्ट तेव्हापेक्षा आज चांगली जमते, आणि ती मला मोलाची वाटते. मला आता गाणारा ऐकू येतो. शाळेत मी माझा हात ऐकत होतो. आता बुवांनी ओळ संपवताना श्वास घेतला की तो श्वास माझ्यापर्यंत पोहोचतो, चरण परत घेणार की पुढं जाणार हे त्यांच्या मानेवरून कळतं. आमच्या मंडळातल्या एक आजी गवळण म्हणताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कधी थोड्या उशिरा येतात. पूर्वी मी सम ठामपणे दाखवून त्यांना उघडं पाडलं असतं. आता डग्गा जरा भरून धरतो, त्या येऊन मिळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ते तसंच बसवलेलं होतं. गुरुजी जे ‘मांगं’ म्हणत होते त्यात एवढं सगळं होतं.

१५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतर मंडळात येणारा अकरावीतला एक मुलगा मोबाईलवर त्यांची वादनं दाखवून म्हणू लागला, काका, असं शिकवा. त्या वेगानं कुणाचंही मन भारून जावं, माझंही जातं. मी त्याला त्यांची साथसंगत ऐकायला लावली. गाणारा किंवा सतार वाजवणारा रंगात आलेला असताना ते किती वेळ नुसता ठेका धरून बसत, आणि त्या ठेक्यातही डग्गा कसा श्वास घेत असे. मुलगा दोनदा ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, हे तर जास्तच अवघड आहे. तो आता नियमित येतो. तेराव्या मात्रेला त्याचाही डग्गा बोलतो. मी बोट वर करतो.

आता शाळेकडे एक मागणं. मागच्या महिन्यात स्मरणिकेच्या बैठकीला आलो तेव्हा ती खोली उघडून पाहिली. पेटी आहे, तिचा भाता फाटला आहे. तबल्याची जोडी आहे, पुडी गेलेली, पण खोड आणि डग्ग्याचं भांडं धडधाकट आहे. परिपाठाची प्रार्थना आता स्पीकरवर लागते. मुलं तिच्यामागून म्हणतात, आणि स्पीकर कुणासाठी थांबत नाही. पहिलीतलं पोर ओळ विसरलं तर त्याच्यासाठी लय सावरणारं कुणी तिथं नाही. हे मला मनापासून सलतं. माझी विनंती आहे की निदान शनिवारचा परिपाठ पेटी-तबल्यावर व्हावा.

पुडी, वाद्या आणि भात्याचा खर्च १९८९ ची बॅच करेल, तसं सगळ्यांशी बोलणं झालं आहे. अमरावतीला वाद्यं नेणं-आणणं माझ्याकडे. जिनिंगचा सीझन मार्चमध्ये आटोपतो, त्यानंतर दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येऊन बसेन. मुलींनाही बसवावं, आमच्या वेळी त्या फक्त गायच्या. वाद्यं कमी पडली तरी अडचण नाही, पहिले काही महिने डेस्कच लागतील. एक करावं, त्या खोलीची किल्ली उन्हाळ्यात शिपाईभाऊंकडे राहू द्यावी, म्हणजे मे महिन्यात मी गठ्ठे सैल करून ठेवीन आणि पुडी उन्हानं फाटणार नाही.