पोह्यांची वाफ आणि ५० हर्ट्झ

इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात स्टॉक व्हिडिओ, म्हणजे कुणालाही वापरायला वेबसाइटवर विकायला ठेवायच्या छोट्या क्लिप, काढायला लागून सात महिने झाले. हिशोब आधीच सांगून टाकते: ६४ क्लिप पाठवल्या, ४३ मंजूर झाल्या, विक्री झाली ३ वेळा.

पहिल्या खेपेच्या ९ पैकी ७ परत आल्या, फ्लिकरमुळे, म्हणजे उजेडाच्या लुकलुकीमुळे. फोनवर काहीच दिसलं नव्हतं. लॅपटॉपवर पाहिलं तर भिंतीवरून काळपट पट्टे वर सरकतायत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि माझा फोन आपल्या मनाने शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/६० सेकंदावर नेत होता. आता मॅन्युअल अ‍ॅपमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० असं पक्कं करते, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये बल्बच्या बरोबर दोन लुकलुकी बसतात. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल) लॉक, नाहीतर हळदीचा रंग मध्येच बदलतो. ट्रायपॉड हलका आहे, म्हणून त्याला पाच किलो तांदळाची पिशवी लटकवते. आई त्याच पिशवीतून वाटीभर काढून नेते, ते वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पोह्यांनी. इंदुरी पोहे गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफेत राहतात, तेव्हा वाफ दिसायलाच हवी. समोरून उजेड टाकला की ती गायब. तीन रविवार पोहे गार करून घरच्यांच्या शिव्या खाल्ल्यावर कळलं: खिडकी ताटलीच्या मागे, तिरकी, आणि पाठीमागे काहीतरी काळं. मी आजीची घोंगडी टांगली. डिसेंबरात सकाळी सातला मिळाली तशी वाफ आता मे महिन्यात काही केल्या मिळत नाही. हवाच गरम, वाफ धरणार कुठून? वाफेचे शॉट थंडीतच उरकून घ्या.

वर जिरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरणारा हात आजीचा. मनगटावर गोंदण आहे, म्हणजे हात ओळखू येतो, म्हणून मॉडेल रिलीजवर, म्हणजे क्लिप विकायच्या संमतीपत्रावर, सही मागितली. "अगं, पोहे खायला घातले त्याची सही?" म्हणाली, पण मोडीच्या वळणाची झोकदार सही ठोकून दिली.

लायटरवरचं कंपनीचं नाव, मागच्या डब्याचं लेबल, यानेही दोन क्लिप नाकारल्या गेल्या. आवाज मी सरळ काढून टाकते. अ‍ॅडोबी स्टॉक या साइटवर क्लिप ५ ते ६० सेकंदांची चालते. मी १२-१५ वर थांबते. कीवर्ड, म्हणजे क्लिप शोधायचे शब्द, ४९ पर्यंत देता येतात, पण पहिल्या दहांना जास्त वजन. मी अभिमानाने 'जिरावन' पहिलं लिहिलं होतं. जगात ते शोधणार कोण? आता आधी नाश्ता, वाफ, मसाला, हात. जिरावन शेवटी, हौसेखातर.

विक्रीतले ३५ टक्के आपल्याला मिळतात. आणि विकलं काय? पोहे नाहीत. गच्चीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या सुती साडीच्या काठावरून टपकणारं पाणी, १४ सेकंद, पोहे भिजेपर्यंत सहज काढलेलं. ते दोनदा गेलं. तिसरी विक्री स्टीलच्या पेल्यात पडणाऱ्या पाण्याच्या क्लिपची.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यापाशी फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गेले होते. चेहरेच चेहरे, एकाचाही रिलीज नाही, म्हणजे ते सगळं फक्त एडिटोरियल, बातम्या-लेखांपुरतं, जाहिरातीत नाही. ती २० मिनिटं अजून कापायची आहेत. सध्या दोरीवर चादरी वाळत घालतेय, पांढऱ्या आधी.