कासेची लंगोटी

‘भले तर देऊ कासेची लंगोटी, नाठाळाच्या माथी हाणू काठी.’ तुकोबांची ही ओळ प्रचारसभेत ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वार्षिक सभेत मेंटेनन्स थकवणाऱ्यांकडे बघत हीच ओळ म्हणतात. लंगोटी भराभर उरकतात, काठीवर मात्र रेंगाळतात.

शासकीय गाथेत ‘कासेची’ नाही. तिथे सरळ ‘गांडीची लंगोटी’ छापलंय. गंमत म्हणजे या गाथेचं मूळ १८६९ सालचं. इंदुप्रकाश छापखान्यात ती छापली गेली आणि तिला २४,००० रुपये दिले मुंबई सरकारने, म्हणजे साक्षात व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने! त्याच इंग्रजांच्या देशात डॉक्टर बाउडलर यांनी घरात बायकामुलांसमोर मोठ्याने वाचता यावा म्हणून शेक्सपिअर गाळून-चाळून काढला होता. साल १८१८, इकडे पेशवाई बुडाली ते. इंग्रजांनी तुकोबांना सोडलं, सोवळं नेसवलं ते आपण. त्याला ना कायदा लागला ना कोर्ट. तोंडातोंडीच काम झालं.

बरं, नुसती शिवी गाळली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ही शिवी नव्हेच. अंगावरचं शेवटचं फडकं काढून देऊ, मग आमचं उघडं पडलं तरी बेहत्तर, असं ते देणं आहे. शब्द बदलला आणि उघडं पडणंच गेलं. उरलं ते कपडेवाटप. काठीला मात्र कुणी हात लावलेला नाही. डोकं फोडायची भाषा व्यासपीठावरून खुशाल चालते, ढुंगण तेवढं चालत नाही. ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ने सुरू होणाऱ्या याच अभंगात पुढे ‘करूं घातपात शत्रूहूनि’ असंही आहे. घातपातसुद्धा कुणाला खटकलेला नाही.

आणि या सभ्य शब्दाचं आता व्हायचं तेच झालंय. धोतराची कास खोचणारे आजोबा गेले. मूळ शब्द पहिलीतल्या पोरालाही समजावावा लागत नाही. ‘कासेची’साठी कोश उघडावा लागतो. गावाकडच्या पोरांना कास माहीत आहे, पण ती म्हशीची. तिला लंगोटी कशाला, हे त्यांना कोण सांगणार?