राइडिंग मोवरचा सेल्फ: नुसत्या ‘टक्’पासून इंजिन उचलेपर्यंत

मोवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, सुरू झाला. चावी फिरवली, सेल्फने (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटारीने) न अडखळता इंजिन उचललं, जरा धूर सोडला आणि आवाज एकसारखा झाला. बेल्ट आणि डेकचं (ब्लेडवरच्या पत्र्याच्या आवरणाचं) काम आधीच उरकलं होतं. ही नोंद फक्त सेल्फची आहे आणि लांबणार आहे, कारण ‘सेल्फ गेला’ या दोन शब्दांखाली एकात एक अडकलेले तीन-चार दोष निघाले.

यंत्राची थोडक्यात ओळख. सोलापुरात विजापूर रोडकडच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनसाठी मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, हा राइडिंग मोवर जुनाच घेतला होता. सिंगल सिलिंडर पेट्रोल इंजिन, क्रँकशाफ्ट उभा, व्हॉल्व्ह हेडमध्ये, 12 व्होल्टचा सेल्फ. लग्नसराई संपली की तो शेडमध्ये जायचा आणि मृगाच्या पावसानंतर गवत वाढलं की त्याची आठवण व्हायची. एका वर्षी बाहेर काढला तर सुरूच झाला नाही. ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांनी एकच निकाल दिला. अण्णाही मला म्हणाले, “सेल्फ गेलाय बघा, नवीनच टाकून टाका की.”

नवा सेल्फ आपल्याकडे सहज मिळत नाही, बाहेरून मागवला तर महाग पडतो. पण पैशाचा प्रश्न नसता तरी मी आधी मोजलंच असतं. बॅटरी, मेन केबल, सोलेनॉइड (चावीच्या बारीक करंटवर सेल्फचा मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच), अर्थिंग, फ्यूज, चावी आणि सेफ्टी स्विच एवढ्यांनी आपापलं काम केलं तरच सेल्फला करंट मिळतो. त्यांतला एक जरी अडला तरी बाहेरून लक्षण तेच दिसतं आणि नाव सेल्फचं खराब होतं.

सुरुवात बॅटरीपासून. जुनी मेलेलीच होती. या मोवरच्या मापाची बॅटरी सोलापुरात मागितली तर दुकानदार विचारात पडतो. लहान कारची 35 एएच (अँपिअर-अवर) बॅटरी लांबी-रुंदीला जवळपास तशीच बसते, उंची मात्र जास्त भरते. बॅटरी सीटखाली असेल तर हे फार महत्त्वाचं. सीटचा पत्रा खाली दबून पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकला की थेट शॉर्ट. मी ट्रेच्या तळाचा जाड पॅड काढला, टर्मिनलवर रबरी टोप्या घातल्या, सीटवर माणूस बसवून खालची जागा टॉर्चने पाहिली आणि मगच केबल जोडली. खोलताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला की पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि सगळ्यात आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधायची. खाली ब्लेड आहे.

नवी बॅटरी विश्रांतीत 12.7 व्होल्ट दाखवत होती. चावी फिरवली तर एक बारीक टिक् ऐकू आली, बस. इथे बरेच जण फसतात. चावी ‘ऑन’ला नेताच कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा पेट्रोल बंद-चालू करणारा छोटा सोलेनॉइड टिक् करतो. तो सेल्फचा आवाज नव्हे. सेल्फच्या सोलेनॉइडचा आवाज चावी शेवटपर्यंत ‘स्टार्ट’ला नेल्यावर येतो आणि चांगला दणदणीत ‘टक्’ असतो. बोट ठेवलं तर धक्का जाणवतो. माझ्याकडे तो येतच नव्हता, म्हणजे दोष सोलेनॉइडच्याही अलीकडे.

फ्यूज ठीक. मग टेस्ट लॅम्प घेऊन चावीपासून वायरीचा माग काढत गेलो. या यंत्रात ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं नसेल किंवा ब्लेडचा लिव्हर खाली नसेल तर सेल्फला जाणारी बारीक वायर तोडून ठेवलेली असते. सीटखालचा स्विच सहसा इंजिन चालू असताना माणूस उठला तर बंद पाडण्यासाठी असतो, काही मॉडेलमध्ये तो सेल्फच्या वाटेतही असतो. ब्रेकच्या स्विचपर्यंत दिवा लागत होता, पलीकडे लागत नव्हता. स्विच चांगला निघाला, त्याच्या सॉकेटमागची वायर उंदराने कुरतडली होती. शेडमध्ये पोती ठेवलेली असतात, उंदीर असणारच. वायर जोडली, श्रिंक ट्यूब चढवली, मोकळी जाळीदार नळी घातली. अशा वेळी दोन वायरी एकत्र करून स्विच कायमचा बायपास करायचा सल्ला मिळतो. तपासण्यापुरतं क्षणभर ठीक, पण तसं ठेवायला माझा सक्त विरोध आहे. मंगल कार्यालयाच्या लॉनवर लहान मुलं पळत असतात.

आता ‘टक्’ आला. फक्त टक्. सेल्फ हलला नाही.

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण इथे अंदाज लागत नाही, मीटरच सांगतो. युक्ती एकच: मोजायचं ते लोड असताना. चावी सोडल्यावर सोलेनॉइडच्या अलीकडे कुठेही मोजा, गंजलेल्या जोडातूनसुद्धा मीटर 12 व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. सेल्फ ओढतो. म्हणून एकाने चावी धरायची, दुसऱ्याने मीटरची टोकं. अण्णांचा पुतण्या सीटवर बसला, मी खाली.

बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये: 12.3. म्हणजे बॅटरीवर पुरेसा भार पडतच नव्हता. सेल्फ खरोखर ओढत असता तर हा आकडा चांगलाच खाली आला असता. सेल्फचा खिळा (मेन केबल जोडायचा बोल्ट) आणि सेल्फची बॉडी: 4.5. बाकीचे व्होल्ट कुठे तरी अडकले होते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या खिळ्यापर्यंत, सोलेनॉइडसकट: 0.4. ते चालण्यासारखं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत: 7.4. सापडला! बेरीज करून पाहा, 0.4, 4.5 आणि 7.4 मिळून बरोबर 12.3 होतात. ही बेरीज जुळली की समजायचं, एकही व्होल्ट हिशेबाबाहेर राहिला नाही.

निगेटिव्हची केबल चेसीला बोल्टने बांधलेली होती. बोल्ट घट्ट, वरून रंग लावलेला, दिसायला छान. खोलला तर थिंबलखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) तपकिरी पापुद्रा आणि त्यात अडकलेली काळ्या मातीची पूड. चेसी आणि इंजिन यांच्यामध्येही रंगाचा थर होता, म्हणजे इंजिनपर्यंत करंट पोचायचा तो माउंटिंग बोल्टच्या आट्यांमधून. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवं दाबून घेतलं आणि एक जादा केबल, 16 चौरस मिलिमीटरची, बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ इंजिनच्या बोल्टवर नेली. जोड आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा, फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये.

पुन्हा मोजलं: निगेटिव्ह बाजूचा फरक 0.15. सेल्फ फिरला, इंजिन अर्धा फेरा गेलं आणि भिंतीला धडकल्यासारखं थांबलं. बॅटरी 9 पर्यंत खाली. पुन्हा चावी, पुन्हा अर्धा फेरा.

आता कुणालाही वाटेल की सेल्फमध्येच दम नाही. निर्णयापूर्वी स्पार्क प्लग काढायचा आणि सेल्फ मारून बघायचा, यासाठी फक्त प्लगपाना लागतो. प्लग काढल्यावर इंजिन सुळसुळ फिरलं, बॅटरी 11 च्या वर राहिली. म्हणजे वीज ठीक, सेल्फ ठीकठाक, इंजिन जाम नाही. सेल्फ हरतोय तो कॉम्प्रेशनसमोर. मग कॉम्प्रेशन एवढं का जड?

या इंजिनांचा सेल्फ मुळातच लहान असतो. पूर्ण कॉम्प्रेशन ओलांडायची अपेक्षा त्याच्याकडून कुणी केलेलीच नाही. त्यासाठी कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते: इंजिन सावकाश फिरत असताना कॅमवर एक बारीक उंचवटा पुढे येतो आणि कॉम्प्रेशनच्या वेळी एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. काही इंजिनांत इनटेक, काहींत एक्झॉस्ट. थोडी हवा निसटते, पिस्टन सहज वर जातो. इंजिनने वेग घेतला की वजनाचा तुकडा बाहेर फेकला जाऊन उंचवटा मागे सरतो आणि पूर्ण कॉम्प्रेशन मिळतं. पण ही उचल असते मिलिमीटरच्या अंशाची. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) वाढला की ती सगळी उचल गॅप भरण्यातच संपते, व्हॉल्व्ह हलतच नाही आणि सेल्फला संपूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. दोष टॅपेट कव्हरखाली आणि बदनामी सेल्फची. माझ्या मते ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या सिंगल सिलिंडर मोवरमध्ये ‘अर्धा फेरा आणि थांबला’ हे लक्षण दिसलं, बॅटरी आणि केबल ठीक निघाल्या, तर पहिला पाना टॅपेट कव्हरलाच लागला पाहिजे.

कव्हर काढलं. रॉकर हाताने हलवला तर खटखट वाजत होता. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, तिथून आणखी साधारण 6 मिलिमीटर खाली नेऊन मगच गॅप बघायचा. नेमक्या टोकाला तो उंचवटा व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो आणि माप चुकतं. प्लगच्या भोकातून एक प्लॅस्टिकची स्ट्रॉ आत सोडली, तिच्यावर पेनाने खूण केली आणि वरचा फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवला. स्ट्रॉ बाहेर येऊन थबकते आणि परत आत जायला लागते ते स्पष्ट दिसतं. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: इनटेक 0.30 मिलिमीटर, एक्झॉस्ट 0.35. माझ्या इंजिनाला हवेत इनटेक 0.10 आणि एक्झॉस्ट 0.15 च्या आसपास. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. रॉकरचे लॉकनट ढिले पडले होते. गॅप बांधला, नट आवळले, आवळल्यानंतर पुन्हा गेज फिरवला, कारण आवळताना माप सरकतं.

चावी फिरवली आणि इंजिन सरळ दोन-तीन फेरे घेऊन गेलं. कॉम्प्रेशनला नुसता हुंकार, थांबणं नाही. अण्णा शेडच्या दारात उभे होते, त्यांनी चहा सांगितला.

सेल्फ उघडला तो यानंतर. चालत असताना का उघडला, तर बेंडिक्समुळे, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक (पिनियन) फ्लायव्हीलच्या दातांत ढकलणाऱ्या भागामुळे. एखाद्या वेळी मोटार सूंऽऽ करून रिकामी फिरायची, पिनियन वर चढायचाच नाही. याचं कारण बहुतेक वेळा तेल असतं. कुणी तरी बेंडिक्सच्या पेचावर ग्रीस थापलं होतं आणि आपल्याकडच्या धुळीने त्याचा चिखल केला होता. पेट्रोलने धुतला, वाळवला, परत ग्रीस लावलं नाही. तो भाग कोरडाच हवा, फार तर ग्रॅफाइटची पूड.

दोन सूचना आवर्जून. खोलण्याआधी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या नळकांड्यावर एक सरळ खूण ओढा, जोडताना ती जुळली पाहिजे. आणि या सेल्फवर हातोडी मारू नका. जुन्या, आत फील्ड कॉइल असलेल्या मोठ्या सेल्फला ठोकून चालू करायची सवय मिस्त्रींना असते. इथे आत फेराइटची चुंबकं चिकटवलेली असतात, ती काचेसारखी तडकतात आणि मग मात्र सेल्फ खरंच जातो.

आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) दाखवायला अक्कलकोट रोडकडच्या एका रिवाइंडिंगवाल्या मामांकडे गेलो. पॉवरलूममुळे आपल्या गावात मोटार बांधणाऱ्यांची कमी नाही आणि त्यांची बोटं या कामात मुरलेली आहेत. मामांनी आर्मेचर ग्राउलरवर (कॉइलमधला शॉर्ट शोधायच्या चुंबकी उपकरणावर) ठेवलं, हॅक्सॉचं पातं त्यावर आडवं धरून एकेका खाचेवरून नेलं. कॉइल आत शॉर्ट असेल तर पातं त्या खाचेवर थरथरतं. एकदाही थरथरलं नाही. “कॉइल बरी हाय. कशाला गुंडाळायचं उगं? कार्बन बदला,” म्हणाले आणि पैसे घ्यायला तयार होईनात.

कार्बनबाबत, म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट देणाऱ्या ब्रशबाबत, मामांनी सांगितलेली गोष्ट लाखमोलाची. मिक्सर किंवा ड्रिलचा कार्बन घासून मापात आणला तरी तो सेल्फला चालत नाही. सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याचं प्रमाण भरपूर असतं, रंगही तांबूस दिसतो, कारण 12 व्होल्टवर प्रचंड करंट जायचा असतो. नुसत्या काळ्या कार्बनचा अवरोध जास्त, सेल्फ मंद फिरेल आणि तापेल. मी दुचाकीच्या सेल्फचे थोडे मोठे कार्बन आणून काचपेपरवर मापात घासले. कॉम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) बारीक काचपेपरनेच पुसला, पट्ट्यांमधली पूड टोकदार काडीने काढली. जोडताना चुंबक आर्मेचर खेचून घेतं आणि कार्बन सुटतात. त्यासाठी वाकवलेल्या तारेचे दोन चिमटे करून कार्बन मागे धरून ठेवले, आर्मेचर बसल्यावर ते ओढून काढले.

आता चावी पाच सेकंदांच्या वर धरत नाही. नाहीच घेतलं तर मिनिटभर थांबायचं, या छोट्या मोटारीला थंड व्हायला तेवढा वेळ लागतोच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी नुसती ठेवूनही लवकर उतरते, म्हणून अण्णांना सांगितलंय की हंगाम संपला की निगेटिव्ह सोडायची आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावायची.

उरलेली कामं: इंजिन पूर्ण वेगावर असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट मिळाले, चार्जिंग ठीक आहे. फ्लायव्हीलच्या रिंगचे दोन दात कडेला झिजलेत, पिनियन अजून तिथे घसरत नाही, पण नजर ठेवतोय. कार्ब्युरेटरच्या वाटीत जुन्या पेट्रोलचा पिवळा गोंद बसलाय. पुढची नोंद त्याची, तेव्हा वाटीखालचा तो टिक् करणारा सोलेनॉइडही खोलून बघणार आहे.